निनादच्या निकालाची प्रत आणि माझा मोडलेला संसार

हसणार नसाल तर सांगतो. आणि हसणारच असाल, तर निदान हातातला चहा खाली ठेवा. कारण आमच्या देशपांड्याने ही हकीकत ऐकताना अख्खा घोट माझ्या सदऱ्यावर उडवला होता, आणि त्याला तर ती धड कळलीही नव्हती. एक कागद मिळवायला मी घराबाहेर पडलो काय, आणि चार दिवसांत सिंगापुरातल्या समस्त मराठी मंडळींनी माझा संसार मोडला काय! तोही मला न विचारता.

माझी पत्नी सुलभा. तिच्या भावाची, अण्णांची, मुलगी रेवती पुण्यात असते. वय एकोणतीस, बुद्धी तल्लख, आणि आलेल्या प्रत्येक स्थळाला सौम्य शब्दांत नकार देण्यात तिचा हातखंडा. अशा रेवतीला अखेर एक मुलगा मनापासून आवडला. निनाद. इथेच, जुरोंग ईस्टला राहतो. स्थळ मीच सुचवलेलं, म्हणजे मध्यस्थ मी. निनादचं आधी एक लग्न झालं होतं, इथेच, आणि ते इथेच रीतसर मोडलंही होतं. हे त्याने रेवतीला पहिल्याच बोलण्यात सांगितलं. तिची काही हरकत नव्हती. अण्णांची होती.

"माधवराव, तोंडी शब्दावर मी मुलगी देणार नाही," अण्णा फोनवर म्हणाले. "घटस्फोटाच्या निकालाची प्रत हवी."

"मग निनादकडे मागतो."

"भलतंच काय! मागितली की त्यांना वाटेल, आपला विश्वास नाही."

"पण तो नाहीच आहे ना?"

"नाही. पण तसं त्यांना वाटता कामा नये! तुम्ही परस्पर चौकशी करा. आणि सुलभाला अवाक्षर सांगू नका, ती रेवतीला सांगेल. रविवारपर्यंत कागद आला नाही, तर मी नकार कळवतो."

आता तुम्हीच सांगा, यात तर्क कुठे आहे? मला तो तेव्हाही सापडला नाही. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांतले शब्द तपासणं हा माझा व्यवसाय. एक पायरी गाळली तर यंत्र बंद पडतं, हे मी दिवसभर लोकांना बजावतो. तरीही 'विचारणे' ही पहिली पायरी गाळून मी कामाला लागलो. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, सुलभाला "ऑफिसला जातो" म्हटलं आणि बुकित बातोकच्या घरून MRT म्हणजे इथली मेट्रो पकडून थेट कौटुंबिक न्यायालय गाठलं.

खिडकीमागे एक चिनी तरुणी होती. अत्यंत शांत.

"अंकल, या प्रकरणातले पती तुम्ही का?"

"नाही."

"पतीचे वकील?"

"नाही."

"मग तुम्ही कोण?"

नात्यांबाबत मी काटेकोर आहे. म्हटलं, "त्या पतीशी जिचं लग्न ठरू घातलं आहे, त्या मुलीच्या आत्याचा मी यजमान." हे इंग्रजीत सांगायला मला तीन वाक्यं लागली.

ती इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "अंकल, हे नातं फारच लांबचं, लाह."

मग तिने समजावलं. प्रमाणित प्रत पती किंवा पत्नीला सहज मिळते. तिऱ्हाइताला प्रकरणाचा क्रमांक द्यावा लागतो, कारण दाखवून अर्ज करावा लागतो, आणि परवानगी द्यायची की नाही हे न्यायालय ठरवतं. शिवाय इथे निकाल दोन असतात. पहिला अंतरिम. त्यानंतर निदान तीन महिने जावे लागतात, मग अंतिम. अंतिम निकालाचं प्रमाणपत्र हाती असल्याशिवाय पुन्हा लग्न करता येत नाही. तेव्हा पाहायचं ते प्रमाणपत्र.

"पण अंकल, त्यांनाच का विचारत नाही? दोन मिनिटांचं काम."

"तेच तर करता येत नाही!"

तिने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं, ती मला अजून आठवते. यात दोन्ही निकालांची माहिती आहे, असं म्हणून तिने एक पत्रक हातात ठेवलं. मथळा भला मोठा: 'घटस्फोटासाठी अर्ज कसा करावा'. ते उघडं हातात धरून मी पायऱ्या उतरलो, आणि समोर कोण? आमच्या मराठी मंडळाच्या कुलकर्णीबाई! त्यांचं ऑफिस त्याच रस्त्यावर आहे, हे मला माहीत असायला हवं होतं.

"आपटे? तुम्ही इथे?" त्यांची नजर पाटीवर गेली, मग पत्रकावर, मग माझ्या चेहऱ्यावर.

अण्णांना दिलेला शब्द आठवला. "जरा वैयक्तिक काम होतं," मी म्हणालो. "सुलभाला मात्र कृपया सांगू नका."

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. मी ते उच्चारलं. शुद्ध, स्पष्ट मराठीत.

दुसऱ्या दिवशी सुलभा लिटिल इंडियात कोथिंबीर घ्यायला गेली, तर मंडळातल्या दोन बायकांनी तिला मिठी मारली. "आम्ही आहोत तुझ्या पाठीशी," असं म्हणून एकीने डोळे पुसले. सुलभा गोंधळली. घरी येऊन मला म्हणाली, "अहो, मला काही आजार झालाय का? आणि तो तुम्हाला माहीत आहे का?" मीही गोंधळलो. म्हटलं, नसावा.

तिसऱ्या दिवशी देशपांड्याचा फोन. "आपट्या, हॉकर सेंटरला ये. एकटा ये."

गेलो. खाद्यपदार्थांच्या ठेल्यांच्या त्या गर्दीत त्याने माझ्यासमोर कॉफी ठेवली, माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "कागद मिळाले?"

मला वाटलं, अण्णांनी यालाही कामाला लावलं! जिवाला बरं वाटलं. "नाही रे. पहिला निकाल कच्चा असतो. तीन महिने थांबायचं, मग पक्का."

"म्हणजे ठरलं तुझं?"

"माझं ठरून काय उपयोग? सगळं रेवतीसाठी चाललंय."

"ही रेवती कोण?"

"सुलभाची भाची."

तोंडाशी नेलेला कॉफीचा कप त्याने तसाच धरला. "भाची? वय काय तिचं?"

"एकोणतीस."

"आणि तिला... हे पसंत आहे?"

"अगदी मनापासून! तिच्या वडिलांना तेवढा कागद बघायचाय. कागद दिसला की ते लग्न लावून द्यायला तयार."

त्याने नुकताच घेतलेला घोट माझ्या सदऱ्यावर उडाला तो इथे. "आपट्या!" तो ओरडला. शेजारच्या टेबलावरचे आजोबा नूडल्स खायचे थांबले. "अरे, वहिनींनी काय वाईट केलं तुझं? तीस वर्षं तू काढलेल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका ऐकून घेतल्या त्या बाईने!"

"सुलभाला यातलं काही माहीत नाही," मी प्रामाणिकपणे म्हणालो, "आणि तूही सांगू नकोस."

तो उठून गेला. कॉफी तशीच ठेवून. मी बसून राहिलो. याला एवढा राग कशाचा आला, हे मला खरोखर कळेना. सदरा पुसत घरी आलो.

चौथ्या दिवशी, शनिवारी, अण्णांचा फोन. पण आवाज निराळा. "माधवराव, हे मी काय ऐकतोय? निनादच्या आईंचा फोन होता. त्या हल्ली मुलाकडे आल्यात. त्यांनी आपल्याविषयी चौकशी केली."

"कुणाकडे?"

"परस्पर! कुणा देशपांड्यांच्या बायकोकडे. म्हणाल्या, ज्या मध्यस्थाचाच घटस्फोट चाललाय, आणि तोही घरातल्याच कुणा मुलीपायी, त्याच्या घरी आम्ही सोयरीक करणार नाही. रेवती सकाळपासून खोलीचं दार लावून बसलीय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुलकर्णीबाई, पत्रक, मिठ्या, कॉफी. सगळं एकदम. मी खाली बसलो आणि सुलभाला सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उद्या निनादला आणि त्याच्या आईंना जेवायला बोलवा." एवढंच.

रविवारी निनाद आणि त्याच्या आई आल्या. आई दाराशीच ताठ उभ्या. मी सारा वृत्तांत एका दमात सांगितला आणि आयुष्यात प्रथमच कुठलंही वाक्य सुधारलं नाही.

निनादने खिशातून मोबाईल काढला, चार वेळा बोट फिरवलं आणि पडदा माझ्यापुढे धरला. अंतिम निकालाचं प्रमाणपत्र. "काका, विचारलं असतंत तर त्याच दिवशी पाठवलं असतं. मी तर वाटच बघत होतो, कुणी मागत कसं नाही म्हणून!"

पुण्याला कागद गेला. अण्णांचा होकार आला. पण निनादच्या आई अजून ताठच.

"आमचा कागद तुम्ही पाहिलात. आता तुमचा दाखवा."

"माझा कसला?"

"घटस्फोट झालेला नाही, याचा."

आता न झालेल्या गोष्टीची प्रमाणित प्रत कुठल्या खिडकीवर मिळते? त्या चिनी तरुणीकडे पुन्हा जावं काय, असा विचार माझ्या मनात खरंच येऊन गेला.

"मी देते," सुलभा म्हणाली. "अहो, लिहा. भाषा तुमची चांगली आहे."

मी कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरांत लिहिलं: 'आमचा विवाह अबाधित असून तो तसाच राहील, असे मी प्रमाणित करते.' सुलभाने ते वाचलं, 'तो तसाच राहील' वर एक रेघ ओढली, वरच्या कोपऱ्यात 'अंतरिम' असं लिहिलं आणि मग सही केली.

"हे काय?" मी विचारलं.

"नियमच आहे ना? पहिला निकाल कच्चा. तीन महिने थांबायचं, मग पक्का. देशपांडेभावजींना तुम्हीच समजावलंत म्हणे."

निनादच्या आई पहिल्यांदा हसल्या. पदर तोंडाला लावून, खुर्चीत बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. रेवतीचा मुहूर्त त्याच ताटांवर ठरला.

आज त्या सहीला तीन महिने पुरे होतात. भांडी मी घासतो, कोथिंबीर मी आणतो. अंतिम निकाल काय लागणार, कळायला मार्ग नाही. सुलभाला थेट विचारायचं म्हणजे... तिला वाटेल, माझा विश्वास नाही.

म्हणून काल हळूच कुलकर्णीबाईंना फोन केला. म्हटलं, सुलभा काही बोलली का?