दाराचा दिवा

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. गावात कुणी असलं काही सांगायला लागलं की मी उठून जायचे. म्हणून हे लिहिणं अवघड जातंय... आणि यात भीतीपेक्षा लाज जास्त आहे, तेही आधीच सांगून टाकते.

मी वडिवळ्याची. घरची भातशेती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कामशेत आणि लोणावळ्याच्या मध्ये, जुन्या हायवेलगत आमची एव्हिएशनची संस्था आहे. तिथे मागच्या पटांगणात एका जुन्या विमानाचा फक्त पुढचा भाग लोखंडी स्टँडवर ठेवलाय. कॉकपिट, त्यामागे थोडी जागा आणि एक दार. दाराला चाकांचा जिना लावून वर चढायचं. पुढच्या दोन सीटवर आम्ही विद्यार्थी बसतो. मागे आमचे कॅप्टन सर स्विचबोर्ड घेऊन बसतात आणि मनात येईल तो वॉर्निंग लाइट लावतात.

विमान निघण्याआधी लाइट लागला तर क्रूने काय करायचं, हे सरांनी आमच्याकडून घोटून घेतलं होतं. ज्याला आधी दिसेल त्याने त्याचं नाव मोठ्यांदा घ्यायचं. दुसऱ्याने बघून तेच म्हणायचं. मगच कॅन्सलचं बटण दाबायचं, चेकलिस्ट काढायची, इंजिनियरला बोलवायचं. निघायचं की नाही ते त्यानंतर.

"कॅन्सल केल्याने लाइट जातो, बिघाड नाही," सर म्हणायचे. "न बोलता बटण दाबलं, तर तो माझ्या क्रूमधला नाही."

मला नेमकं मोठ्यांदा बोलणंच जमायचं नाही. इंग्रजीत चूक होईल म्हणून नुसतं पुटपुटायचे.

त्या दिवशी फायनल चेक होती. पास होणाऱ्यांची नावं एका एअरलाइनच्या निवडीसाठी जाणार होती. माझ्यासोबत आबा — म्हणजे माझे वडील — आले होते, सरांसाठी इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन. आबांचा आवाज एका खाचरातून पार पलीकडच्या खाचरात पोचणारा. गेटवरच त्यांनी सुरू केलं, "आगं, हेच का इमान? पंख कुनी तोडलं याचं?"

चेकला शेजारच्या सीटवर बसणारा माझा पार्टनर तेजस हसला. "काका, पंख सर्व्हिसिंगला दिलेत."

मी आबांना बाजूला घेतलं. "आबा, इथेच गेटजवळच्या बाकावर बसा. आत येऊ नका. आणि... इथं बोलू नका ना."

"बरं," म्हणाले. पिशवी मांडीवर घेऊन बसले.

चेक सुरू झाली. उकडत होतं म्हणून दार उघडंच ठेवलं होतं. पहिले लाइट मी बऱ्यापैकी सांगितले. तेवढ्यात पॅनलच्या कोपऱ्यात दाराचा पिवळा लाइट लागला. आणि अगदी माझ्या कानामागे आवाज आला —

"पोरी, दाराचा दिवा बग! दाराचा दिवा!"

आमच्या संस्थेत 'दिवा' कुणीच म्हणत नाही. आणि आवाज आबांचा होता... जसाच्या तसा. माझे कान तापले. वाटलं, आले शेवटी वर! आता तेजस सगळ्यांना याची नक्कल करून दाखवणार. मागे वळून बघायचीही लाज वाटली. मी काहीच न बोलता कॅन्सल दाबलं. दिवा गेला. आवाजही थांबला.

"ओके, ब्रेक," सर म्हणाले आणि आमच्याशी बोलत बोलत, नेहमीसारखे पाठमोरे दारातून उतरायला लागले.

जिना तिथे नव्हता.

चाकांखाली दगड लावायचा राहिला होता. जिना उतारावरून केव्हा मागे सरकला, कुणालाच कळलं नाही. सर थेट खाली सिमेंटवर पडले. ओरडणं ऐकून आबा पळत आले — गेटकडून. सरांचा पाय मोडला होता. आबांनी त्याला लाकडी फळी लावून आपला पंचा बांधला, सरांना उचलून गाडीत घातलं. सगळं मुकाट. तोंडातून एक शब्द नाही.

"मागून कोण बोललं रे?" मी तेजसला विचारलं.

"मागे फक्त सर होते की."

लाइटही त्याला दिसला नव्हता.

लोणावळ्याच्या हॉस्पिटलात प्लास्टर झाल्यावर सरांनीच विचारलं, "कॅन्सल का दाबलंस गं? मी काही लावलंच नव्हतं."

"सर, दाराचा लागला होता ना?"

"दाराचा? त्यात बल्बच नाही. वायर कुजली म्हणून मीच काढलाय."

मी म्हणाले, "मग चुकून हात लागला असेल."

"असू दे," सर म्हणाले. "बाकी छान बोललीस. पास."

घरी जाताना जीपमध्ये आबांना विचारलं, "आबा, तुम्ही वर आला होतात? दाराचं काही बोललात?"

"न्हाई बा. तूच म्हणली व्हतीस न्हवं, बोलू नका म्हून. म्या तोंडच उघडलं न्हाई." मग म्हणाले, "तांदूळ तेवढा बाकावर ऱ्हायला बग."

नंतर मी एकटीने जाऊन तो लाइट बघितला. खरंच बल्ब नाही. आत कोळ्याचं जाळं आहे.

माझं नाव निवडीसाठी गेलंय. सरांना मी अजून खरं सांगितलेलं नाही. तो आवाज कुठून आला, मला माहीत नाही; कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा. मला एवढंच कळतं, की तो मी लगेच ओळखला होता... आणि ओळखला म्हणूनच गप्प केला.