एकशे आठवर दोघांचा हक्क

नानाखेड्याजवळच्या एका खासगी कॉलेजात बेचाळीस कॉम्प्युटर होते. प्रत्येकाचा नेटवर्कवरचा पत्ता ते सांभाळणाऱ्या यज्ञेश्वर मुळेसरांना तोंडपाठ. पत्त्याचा शेवटचा आकडा ते स्वतः वाटायचे, तोही शकुनाचा. प्राचार्यांना एक्कावन्न, परीक्षा विभागाला एकशे एक. सहा वर्षांत एका पत्त्यावर दोन कॉम्प्युटर आले नाहीत, हे ते चारचौघांत सांगत.

दोन हजार चार साली त्यांचा जुना विद्यार्थी शैलेंद्र इंदूरहून इंटरनेटच्या पत्त्यांची नवी, लांबलचक पद्धत बसवायला आला. यज्ञेश्वरांनी हात झटकले.

"फोनवर सांगता येत नाही तो पत्ता कसला? चाललंय त्याला कशाला छेडतोस?"

"सर, जुनं राहील. दोन्ही सोबत चालतात."

"मग पुढच्या साली बघू."

तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी शैलेंद्रने यादी मागितली. यज्ञेश्वरांनी आधी पोहे मागवले, मग चहा. मग यादी द्यावीच लागली.

"सर, एकशे आठ दोनदा आहे."

यज्ञेश्वरांनी दार लोटलं आणि खरं काय ते सांगितलं. तीन वर्षांपूर्वी ग्रंथालयाच्या विनोदिनीबाईंना एकशे आठच हवा होता. कार्यालयातल्या गोपाळकृष्णांनाही. दोघं अडून बसले, यज्ञेश्वरांना नाही म्हणता येईना. दोघांनाही तोच दिला. कॉम्प्युटर एकाच वेळी चालू झाले तर दोन्ही अडणार, म्हणून बाईंना दोनपर्यंतची वेळ दिली, गोपाळकृष्णांना दोननंतरची. कारण सांगितलं, कॉम्प्युटर तापतो.

"तीन वर्षांत एकदाही टक्कर नाही?"

"एकदा झाली. मी म्हणालो, लाइट गेली होती. आता प्राचार्यांना सांगशील?"

"कशाला? सर, आज अख्खं कॉलेज एकाच मोहल्ल्यात आहे. नव्या पद्धतीत ग्रंथालयाचा मोहल्ला वेगळा करू, कार्यालयाचा वेगळा. माधवनगरात एकशे आठ नंबरचं घर असलं तर नानाखेड्यात असू नये का?"

यज्ञेश्वरांनी यादी बाजूला ठेवली. मग त्यांनी खुर्ची ओढली.

"सरक. पत्ता मी टाकतो."

त्या दोन कॉम्प्युटरवरचा जुना आकडा त्यांनी स्वतः पुसला. नवा पत्ता एकेक अक्षर मोठ्याने वाचत टाकला. बाराच्या सुमारास दोन्ही एकदम चालू केले आणि ग्रंथालयात जाऊन उभे राहिले. काही अडलं नाही. बाईंचं काम चालूच होतं. दोनला बाईंनी सवयीने बंद करायला बटणाकडे हात नेला.

"राहू द्या," यज्ञेश्वर म्हणाले. "आता तापत नाही."