गोधडीतलं करडू

मी गोधडी उघडली. आत बाळ न्हाई, करडू! गावात लुटारू शिरले म्हणताच मी चुलीजवळची गोधडी उचलून ज्वारीत पळाल्ते. मामंजीनं कालचं जन्मलेलं करडू थंडीपायी बाळाच्याच गोधडीत गुंडाळल्तं. ते स्वतः मात्र झाडं अन् जनावरं सोडून निघालेच न्हाईत.

मी उठले तशी शेजारी लपलेल्या जाऊबाईनं पदर ओढला, "बस खाली! सगळ्याइला मारती का?"

करडू तिच्या मांडीवर टाकून मी घराकडं पळाले. पेरूच्या बागेत मामंजी बाळाला छातीशी धरून येऊन राह्यले होते.

"सूनबाई, करडू कुठंय? उपाशी हाय ते."

"मामंजी, चला जल्दी!"

"गाईंची दावी सोडून येतो," म्हणून बाळ माझ्या हाती देऊन ते माघारी वळले. घोड्यांच्या टापा जवळ आल्या. मामंजीला तिथंच सोडून मी बाळाला घेऊन पळाले. तुम्ही काय केलं असतं?