दोन की पाच

वहिनींच्या दिराने संस्था काढली तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. हा माणूस लहानपणापासून जगाचं भलं करायला निघालेला, आणि त्याचं उष्टं ताट मात्र कायम दुसऱ्या कुणीतरी उचलायचं. या वेळी त्याने यंत्राला हाताशी धरलं होतं. गरिबाने एका नंबरवर फोन करून आपली अवस्था सांगायची, यंत्राने ती ऐकायची आणि एक ते पाच असा आकडा द्यायचा. पाच म्हणजे उद्या सकाळी मदत दारात. एक म्हणजे थांबा, तुमच्या आधी बरेच आहेत. पैसा थोडा आणि फोन अमाप, तेव्हा आधी कुणाकडे धावायचं ते यंत्राने सांगायचं.

यंत्र आलं तरी माणसं लागतातच. ती निवडायला, त्यांना शिकवायला, त्यांची भांडणं सोडवायला दिराला घरचंच माणूस सापडलं. वहिनींची उभी हयात एका गिरणीच्या कामगार खात्यात गेली होती. गिरणी बंद पडताना शेवटचं वर्षभर त्यांनी लोकांच्या हातात नोटिसा ठेवल्या होत्या, आणि तेव्हापासून ओळखीचा चेहरा दिसला की त्या रस्ता बदलत. "मी येते," त्या दिराला म्हणाल्या, "पण कुणाला काढायचं काम मला सांगायचं नाही." दीर म्हणाला, "वहिनी, आपण माणसं जोडायला निघालोय, तोडायला नाही." असलं बोलण्यात तो पटाईत. तो वहिनी म्हणायचा म्हणून अख्खं ऑफिस त्यांना वहिनी म्हणू लागलं. कार्डावर मात्र 'प्रमुख, पीपल ऑपरेशन्स' असं छापलं होतं. सासूबाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "कुणाचं ऑपरेशन गं?"

ऑफिस म्हणजे बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. भिंतींना अजून पॉलिशचा वास होता आणि जिन्यावर समोरून कुणी आलं तर एकाला मागे सरावं लागे. आतल्या खोलीत 'ऐकणारे' बसत. यंत्र काही आईच्या पोटातून शिकून येत नाही. आधी माणसांनी कानाला हेडफोन लावून खरे फोन ऐकायचे, प्रत्येकाला आकडा द्यायचा, आणि ते बघून बघून यंत्राने शिकायचं.

हे ऐकणारे कुठून आणायचे यावरून पहिल्याच महिन्यात वाजलं. इंजिनियर पोरांना पदवीधर हवे होते. वहिनी हटून बसल्या. "ज्याचं जळतं त्यालाच कळतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी नियमच केला: ज्या वस्त्यांतून फोन येतात तिथलीच, वाईट दिवस काढलेली माणसं घ्यायची. पाहुणे आले की दीर हा नियम मोठ्या कौतुकाने सांगे. वहिनी शेजारी उभ्या राहून ऐकत, आणि खोटं कशाला बोला, त्यांना फार बरं वाटे.

ऐकणाऱ्यांत सगळ्यात पक्की एक बाई होती. तिला सगळे काटाबाई म्हणत, कारण तिचा आकडा वजनकाट्यासारखा यायचा, इकडे नाही की तिकडे नाही. नवरा केव्हाच गेलेला, दोन मुली. कुणी कितीही रडून सांगो, ही शांतपणे ऐके आणि बोट टेकवे. दोघांचं एका फोनवर जमलं नाही की निकाल तिचा. या पगारावर तिने पहिल्यांदाच आत नळ असलेली खोली घेतली होती आणि थोरलीला शाळेत परत घातलं होतं. रजा तिने कधी मागितली नाही. वहिनीच तिला जबरदस्तीने घरी पाठवत.

मग तो फोन आला. एक हमाल होता, पाठ मोडून घरी पडलेला, सोबत लहान मुलगी. यंत्राने त्याला दोन दिले. दोन म्हणजे महिना-दीड महिना थांबा. संस्थेचा फिरतीवरचा कार्यकर्ता त्याच गल्लीत दुसऱ्या कामाला गेला तेव्हा हमाल दारात बसलेला दिसला. मुलगी राहिली नव्हती. कार्यकर्ता परत आला तो जिन्यातच बसून राहिला, आणि त्याला वर आणायला दोघांना जावं लागलं.

इंजिनियर पोरांनी यंत्र उलटंपालटं केलं. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. ते शिकवल्याप्रमाणेच वागलं होतं. मुलं एक वेळ जेवतात, दोन. पोराला साखरपाणी देऊन झोपवलं, दोन. पाच फक्त तेव्हा, जेव्हा घरात कुणाला उभंही राहवत नव्हतं. ऐकणाऱ्या सगळ्यांनी असेच आकडे दिले होते, कारण त्यांनी स्वतः असेच दिवस काढले होते आणि त्याला ते जगणंच म्हणत होते. म्हणी खोट्या नसतात, पण अर्ध्या असतात. ज्याचं जळतं त्याला कळतं हे खरं, पण ज्याचं वर्षानुवर्षं जळत आलंय त्याला त्याचं काही वाटेनासं होतं. हे वहिनींच्या लक्षात यायला एक मुलगी जावी लागली, आणि ते त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही.

दीर दोन दिवस देणगीदारांचे फोन घेत राहिला. मग म्हणाला, "सगळ्यांना काढा. देणगीदार विचारतायत."

"चूक माझ्या नियमाची आहे," वहिनी म्हणाल्या. "मोजायला बसवलं, पण माप दिलं होतं का कुणी त्यांना? तू दिलं नाहीस, मीही दिलं नाही."

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी दीर एवढ्यावर आला की डॉक्टरला विचारून नवं माप ठरवायचं, रेकॉर्ड केलेले जुने फोन त्या मापाने पुन्हा ऐकायचे, आणि जो हे करील तो राहील. जो करणार नाही त्याला वहिनींनीच घरी पाठवायचं. वहिनी कबूल झाल्या. बाकीचे ऐकणारे कुरकुरत का होईना, कामाला लागले. एकजण म्हणालासुद्धा, "या मापाने तर माझ्या अख्ख्या खानदानाला पाच." त्यावर थोडं हसणंही झालं.

काटाबाईंच्या वाट्याला नेमका हमालाचा फोन आला. वहिनी मुद्दाम शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि दुसरा हेडफोन त्यांनी आपल्या कानाला लावला. हमालाचा आवाज अगदी सरळ होता. मुलीला सकाळी साखरपाणी देतो, संध्याकाळी मिळालं तर जेवण. रडत नाही हो ती. फार शहाणी आहे.

काटाबाईंनी दोनवर बोट ठेवलं.

"नव्या मापाने हे पाच आहे," वहिनी म्हणाल्या.

"ठाऊक आहे मला."

"मग?"

काटाबाईंनी हेडफोन काढून मांडीवर घेतला. "माझ्या दोन मुलींच्या मध्ये मला एक मुलगा होता."

"कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? ताप आला, गेला. सगळ्यांना तेच सांगितलं. मुलींनाही तेच माहीत आहे." त्या हेडफोनकडे बघत म्हणाल्या, "तोही रडायचा नाही. साखरपाणी पिऊन पडून राहायचा. मी शेजारणीला सांगायचे, माझं पोर किती गुणी आहे बघ."

वहिनींना पुढचं कळलं, आणि ऐकू नये असं वाटलं.

"याला दोन दिला तर माझा मुलगा तापाने गेला," काटाबाई म्हणाल्या. "पाच दिला, तर तो माझ्यासमोर उपाशी मेला आणि मी त्याला गुणी म्हणत बसले होते."

"त्यात तुमचा काय दोष?"

"दोष कुणाचाही असो, वहिनी. मला तो तापच राहू द्या."

वहिनींनी नाना वाटा सुचवल्या. हा फोन दुसऱ्याला देते. ऐकायचं काम नको, बाहेरच्या खोलीत बसा, दाराशी बसा, आलेल्या माणसांना पाणी द्या. काटाबाई मान हलवत राहिल्या. फोनच्या पलीकडून कुणीतरी तेच सांगत असणार, आणि ते ऐकणाऱ्यांच्या तोंडावर दिसणार, त्या म्हणाल्या. थोरलीच्या शाळेचं काय, असं वहिनींनी विचारलं तेव्हा मात्र त्यांचे डोळे भरले. पण त्यांनी हेडफोनची वायर नीट गुंडाळली, खुर्ची आत सरकवली आणि त्या जिना उतरून गेल्या. वहिनी वरच्या पायरीवर उभ्या होत्या.

संध्याकाळी दिराला सांगितलं. "स्वतःहून गेली?" तो म्हणाला. "बरं झालं वहिनी. तुमच्या हातून काढायची वेळ आली नाही." हे तो त्यांना दिलासा म्हणून बोलला, आणि म्हणूनच त्याच्या कानाखाली वाजवावी असं वहिनींना वाटलं. त्या आपल्या टेबलाशी गेल्या.

माणूस सोडून गेलं की कॉम्प्युटरवर त्याचं कारण लिहावं लागे. वहिनी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. खरं कारण त्यांना माहीत होतं, आणि ते एकदा लिहिलं की कायमचं लिहिलं जाणार होतं, मग तो ताप ताप राहणार नव्हता. त्यांनी 'वैयक्तिक' असं लिहिलं. लिहिताना त्यांना स्वतःची लाज वाटली, पण तो शब्द काही त्यांनी खोडला नाही.