निर्मळच्या चित्राची किंमत

ती घटना मला आजही आठवते, आणि खरं सांगायचं तर आठवली की छाती जरा फुगते. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. दोन हजार सालानंतरचा काळ. आमच्या पोलीस ठाण्यात नुकताच एक कॉम्प्युटर आला होता आणि हवालदारांनी त्याला धूळ लागू नये म्हणून टॉवेल पांघरून ठेवला होता.

सकाळची हजेरी आटोपली आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर बापलेक येऊन उभे राहिले. बाप निर्मळचा बागायतदार, केळी आणि फुलांची वाडी असलेला. मुलगी कॉम्प्युटरवर चित्रं काढायची आणि परदेशातल्या एका वेबसाइटवर स्वतःच विकायची.

"चित्र चोरीला गेलं म्हणजे भिंतीवरून काढून नेलं काय?" अंमलदाराने विचारलं.

"नाही, चित्र माझ्याकडेच आहे. तरी चोरीला गेलंय," मुलगी म्हणाली.

अंमलदाराने हे त्रांगडं सरळ माझ्या केबिनमध्ये पाठवून दिलं.

प्रकरण असं होतं. मुलीने आपल्या आत्याचं चित्र काढलं होतं. लग्नाला निघालेली, नथ घातलेली, केळीच्या बागेत उभी असलेली आत्या. चित्र चांगलं खपत होतं. मग कुणीतरी तेच चित्र डावं-उजवं उलटं करून, टोपणनावाने, त्याच वेबसाइटवर पाव किमतीला लावलं. एकच चित्र दोन नावांनी विकलं जातंय अशी एका गिऱ्हाइकाने तक्रार केली आणि वेबसाइटवाल्यांनी हिलाच चोर समजून हिचं खातं बंद केलं. चित्र तुमचंच असल्याचं दाखवा, नाहीतर खातं कायमचं जाईल, असं कळवलं. मूळ फाइल बंद पडलेल्या कॉम्प्युटरबरोबर गेली होती. हातात फक्त तयार चित्राची सीडी उरली होती.

बापाला हे सगळं नकोसं झालं होतं. "साहेब, मी हिला सांगतोय, तू पण भाव उतरव नि मोकळी हो. आमची केळी बाजारात जातात, दलाल सांगेल तो भाव. आमच्या घरात भाव कधी कोणी लावलाच नाय. ही कोण लागून गेली?"

"बाबा, चित्र मी काढलंय. भाव पण मीच लावणार," मुलगी शांतपणे म्हणाली.

तिचं ते बोलणं मला फार आवडलं. फिर्याद नोंदवून घेतली आणि कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा दाखल केला. आमच्या पोलीस ठाण्यातला त्या कायद्याखालचा तो पहिलाच गुन्हा होता.

चित्राच्या छापील प्रती खबऱ्यांना दिल्या. नायगावचा एक रिक्षावाला दोन-तीन दिवसांतच धावत आला. "साहेब, ये बाई को तो मी रोज बघतो! जूचंद्रला फोटोच्या दुकानात हिचं कॅलेंडर टांगलंय. पण तिकडे ती दुसऱ्या साइडला बघते."

मुलीला विचारलं. ती चमकलीच. मोठ्या आकाराची प्रत छापायला ती त्याच दुकानात गेली होती आणि सीडी रात्रभर तिथेच राहिली होती.

दुकानदाराला चौकशीला बोलावलं. गडी बेरकी होता. चित्र माझं, हिनेच उलटं करून चोरलं, असा त्याचा पवित्रा. त्याच्या कॉम्प्युटरवर फाइलची तारीखही हिच्या आधीची. घड्याळाचे काटे फिरवावेत तशी ती तारीख मागे नेता येते, हे मुलीने मला समजावलं होतं. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे.

आरोपीवर ओरडायची मला सवय नव्हती. चहा मागवायचा आणि त्याला बोलू द्यायचं. खोटं बोलणाऱ्याला तपशील पुरवायची फार हौस असते.

"ही बाई कोण?"

"माझी सख्खी मावशी, साहेब. समोर उभी करून काढलं. जशी होती तशीच, काडीचाही फरक नाही."

"नथ तिचीच?"

"तिचीच. खऱ्या मोत्यांची."

"कुठल्या नाकपुडीत घालते?"

तो हसला. "डाव्या. आपल्याकडे सगळ्याच बायका डाव्या नाकपुडीत घालतात की!"

जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, सही घेतली. मग त्याच्याच दुकानातलं कॅलेंडर त्याच्यापुढे ठेवलं. त्या बाईची नथ उजव्या नाकपुडीत होती आणि पदरही उजव्या खांद्यावर. चोरी ओळखू येऊ नये म्हणून पठ्ठ्याने चित्र उलटं केलं आणि मावशीची नथच उलटी करून बसला. त्याने चहाचा कप बाजूला सारला. मग स्वतःहून सगळं सांगून टाकलं. पंचांसमक्ष त्याचा कॉम्प्युटर जप्त केला, त्यात हिच्या सीडीवरची बाकीची चित्रंही निघाली.

वेबसाइटवाल्यांना मी ठाण्याच्या शिक्क्यानिशी इंग्रजी पत्र लिहिलं. खातं सुरू झालं आणि आत्याचं चित्र पुन्हा जुन्याच किमतीला लागलं. मी नोकरीत दरोडेखोरही धरले, पण या तपासाचा अभिमान मला जास्त आहे. घरात, शेतात, कॉम्प्युटरवर, कुठेही केलेली मेहनत ही मेहनतच असते आणि तिची चोरी ही चोरीच, हे मी त्या मुलीकडून शिकलो. पुढे ठाण्यात असली तक्रार आली की मी कुणाला हसू दिलं नाही.

बऱ्याच दिवसांनी साध्या कपड्यांत स्कूटरवरून निर्मळला गेलो. ते चित्र मला विकत हवं होतं. बाप वाडीत केळीचा घड उतरवत होता. मी गमतीत म्हटलं, "पोलिसाला काही सूट आहे की नाही?"

त्याने हात पुसले. "साहेब, केळी हवी तेवढी न्या, पैसे नको. चित्राचं मात्र तिला विचारा," तो म्हणाला आणि घराकडे बघून ताठ उभा राहिला. "आमच्या घरात भाव ती लावते."

मी पूर्ण किमतीला चित्र घेतलं.