आरसे झाकताना राहिलेली काच

२०१७ च्या हिवाळ्यात मी नॉर्थ यॉर्कला शिकत होते. समोरच्या अपार्टमेंटात एक ज्यू मावशी एकट्या राहायच्या, मूळच्या रेवदंड्याच्या. हीटर चालू ठेवूनही माझी खोली गार राहते म्हटल्यावर त्यांनीच मला शिकवलं, ऊन असेपर्यंत पडदे सताड उघडे ठेवायचे आणि ऊन गेलं की ओढून घ्यायचे.

त्यांच्या पडद्यांना गोधडीचं अस्तर होतं. कडा त्या तळव्याने भिंतीशी दाबत, फट राहिलीच तर कपड्यांचे चिमटे लावत. पण हे सगळं खिडकीकडे पाठ करून, हात मागे नेऊन. एका संध्याकाळी न राहवून मी कारण विचारलं.

"दिवा लावला की काचेचा आरसा होतो," त्या म्हणाल्या. "आमच्यात घरात माणूस गेलं की आरसे झाकतात, नाहीतर गेलेलं माणूस त्यात अडकतं म्हणतात. हे गेले तेव्हा मी सगळे झाकले. गावाला खिडक्यांना लाकडाची दारं गो, ही एवढी मोठी काच माझ्या लक्षातच आली नाही. ती राहिली ती राहिलीच."

मी हसले. त्याही हसल्या आणि म्हणाल्या, "वरचा चिमटा तू लाव. माझा हात पोचत नाही."

बाहेर उणे पंचवीस होतं. चिमटा लावताना माझी बोटं पडद्यामागच्या काचेला लागली.

माझ्या खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरायचा. ही काच कोमट होती, कुणी बराच वेळ कपाळ टेकून उभं असावं तशी.