टिंबाच्या आधी कोण?

माझ्या पोराचे डोळे वर गेले, दात बसले, हातपाय ताठ. आकडी! वरंधला आमच्या घरी नणंदेची हळद, मांडव मानसांनी भरलेला, कर्णा कोकलतोय आन मी वरडतेय, "अवो, या ना कोनीतरी! कायतरी करा गो!" माना वळल्या, उठलं कोनी नाय. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्याला सांगतेय. आन त्या घडीला मला कोन आठवावं? आमच्या टिंबवाल्या मॅडम.

महाडच्या बाजारपेठेत पिठाच्या गिरनीवर, माडीत त्यांचा कॉम्प्युटर क्लास. मी दहावी नापास, लग्न ठरेपर्यंत जायची. आमाला टायपिंग पुरलं असतं, पन मॅडमना प्रोग्रामचंच याड. फळ्यावर प्रोग्रामची ओळ लिहिताना मधलं टिंब असं ठोकायच्या की खडू मोडायचा. "टिंबाच्या आधी कोण? ज्याला हाक मारायची तो, रिसीव्हर. टिंबानंतर काम, ती मेथड. कंसात त्या कामाला लागणारं सामान, ते आर्ग्युमेंट."

एकदा मुद्दाम म्हनाल्या, "पाणी आणा." आमी एकमेकींची तोंडं बघत बसलो. "बघा, तहानेनं मेले असते मी!" मग म्हनाल्या, "सुरेखा, पाणी आण, तांब्याभर." मी पळाले ना! चुकलं तर रागवायच्या नाय, टपली मारायच्या, "हवेत हाक मारलीस." शेवटच्या दिवशी मी रडले, तर बोलल्या, "बाकी विसरलीस तरी चालेल. टिंब विसरू नको."

आन इकडं मांडवात? जीप आमच्या ह्यांची, चावी ह्यांच्या खिशात, आन हे पार पलीकडं कर्ण्याखाली, माझ्याकडं पाठ. "अवो" म्हटलं तर मांडवातल्या कुठल्याबी बाप्याला लागू. नाव घ्यायचं ते उखान्यात, पदर तोंडाला लावून. समोर सासू, चुलतसासरे, सोयरे. पोराचे ओठ निळे पडाया लागले.

"दत्तारामऽऽ! जीप काढा! महाडला, दवाखान्यात!"

कर्ण्याच्या कल्ल्यातनं बी ऐकलं ह्यांनी. पाट उलथवून धावले. मागनं सासू, "नवऱ्याचं नाव घेतलंस गो भरल्या मांडवात! लाज इकलीस काय?"

पोरगं वाचलं, आता अंगनात कोंबड्या पळवतंय. सासू अजून माझ्या हातचं पानी घेत नाय. मॅडमना सांगाया माडीवर गेले, तर कुलूप. गिरनीवाला बोलला, कुवेतला गेल्या नवऱ्याकडं, पत्ता काय नाय. तरी खालनं माडीकडं बघून हाक मारली, येड्यासारखी.

तुमी सांगा गो बायांनो, तुमी काय केलं असतं? नाव गिळून पोराकडं बघत बसला असता?